इंट्राडे ट्रेडिंग आणि दीर्घकालीन गुंतवणूक: शेअर तोच, हिशेब वेगळा

ब्रोकरच्या अॅपवर खरेदीचं बटण एकच असतं. त्याखाली एमआयएस हा पर्याय निवडला तर सौदा इंट्राडे होतो, म्हणजे घेतलेला शेअर त्याच दिवशी विकायचा; सीएनसी निवडलं तर डिलिव्हरी, म्हणजे शेअर हवा तितका काळ ठेवता येतो. काही अॅपवर सरळ ‘इंट्राडे’ आणि ‘डिलिव्हरी’ असंच लिहिलेलं असतं. नवख्या माणसाला हा फरक फक्त वेळेचा वाटतो. खरा फरक आहे तो पैसे कशातून मिळणार याचा. ट्रेडरला ते त्या दिवसाच्या भावाच्या हालचालीतून मिळतात, तर गुंतवणूकदाराला कंपनीचा नफा वर्षानुवर्षं वाढण्यातून आणि लाभांशातून.

इंट्राडेचा शेअर तुमच्या डिमॅट खात्यात (जिथे शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात जमा राहतात) येतच नाही. बाजार साडेतीनला बंद होण्याच्या थोडं आधी ब्रोकर उरलेली पोझिशन (अजून न मिटवलेला सौदा) स्वतःहून स्क्वेअर ऑफ करतो, म्हणजे उलटा सौदा करून मिटवतो. डिलिव्हरीचे शेअर पुढच्या कामकाजाच्या दिवशी जमा होतात.

खर्चाबाबत बरेच जण फसतात. एक लाखाच्या सौद्यावर डिलिव्हरीत एसटीटी (शेअरच्या सौद्यावरचा सरकारी कर) खरेदीला 100 आणि विक्रीला 100 रुपये, शिवाय खरेदीवर 15 रुपये मुद्रांक शुल्क. इंट्राडेत एसटीटी फक्त विक्रीवर, तोही 25 रुपये, आणि मुद्रांक शुल्क 3 रुपये. म्हणजे इंट्राडे स्वस्त? ऑर्डरमागे 20 रुपये दलाली, जीएसटी आणि एक्स्चेंजचं शुल्क धरा, एका फेरीला, म्हणजे खरेदी आणि विक्री मिळून, साधारण 80 रुपये जातात. वर्षात अशा 200 फेऱ्या केल्या तर 16,000 रुपये. आता पाचपट मार्जिन वापरून, म्हणजे ब्रोकरच्या सवलतीने स्वतःच्या पैशाच्या पाचपट सौदा करून, स्वतःचे फक्त 20,000 लावले असतील, तर त्या भांडवलाचा 80 टक्के भाग नुसत्या खर्चात गेला, भाव बरोबर ओळखूनसुद्धा! शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या जुलै 2024 मधल्या अभ्यासानुसार 2022-23 या आर्थिक वर्षात शेअर बाजारात इंट्राडे करणाऱ्या दहापैकी सात व्यक्तींना तोटा झाला होता. वर्षात 500 हून जास्त सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण आणखी वर, 80 टक्के होतं.

ट्रेडिंग करायचंच असेल तर आधी संख्या ठरवा, मग शेअर. भांडवल दोन लाख, एका सौद्यात जास्तीत जास्त तोटा 1 टक्का म्हणजे 2,000. भाव 500, स्टॉप लॉस (ज्या भावाला तोटा स्वीकारून बाहेर पडायचं तो) 490. शेअरमागे धोका 10 रुपये, म्हणून 200 शेअर. त्याहून एकही जास्त नाही. इंट्राडेत शेअर हातात नसताना आधी विकून नंतर घेणाऱ्यांनी अप्पर सर्किटची (भाव एका दिवसात वाढू शकतो ती कमाल मर्यादा) भीती बाळगावी: विकणाराच उरला नाही तर शेअर परत घेता येत नाहीत, मग ते एक्स्चेंजच्या लिलावातून बऱ्याच चढ्या भावाने घेतले जातात आणि तो फरक तुमच्या खात्यातून वळता होतो.

गुंतवणूकदाराला हा स्टॉप लॉस लागू नाही. भाव 15 टक्के पडला एवढ्यावरून विकायचं कारण नाही. पण कर्ज वाढत असेल, नफा दिसतोय पण रोख येत नसेल किंवा प्रवर्तक (कंपनीचे मुख्य मालक) शेअर तारण ठेवत सुटले असतील, तर भाव चढत असतानाही बाहेर पडावं.

सगळ्यात महागात पडते ती सरमिसळ. दुपारी तीनला तोट्यातला इंट्राडे सौदा ‘आता लाँग टर्म ठेवू’ म्हणत डिलिव्हरीत बदलला जातो. त्यासाठी पूर्ण रक्कम भरावी लागते, आणि जी कंपनी एरवी तपासूनही घेतली नसती ती गळ्यात पडते.

करही वेगळा. इंट्राडेचा नफा सट्ट्याच्या व्यवसायाचं उत्पन्न धरला जातो आणि स्लॅबप्रमाणे कर लागतो. डिलिव्हरीत 12 महिन्यांच्या आत विकल्यास 20 टक्के. त्यानंतर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त, पुढे 12.5 टक्के.

एकाच कंपनीचे शेअर दीर्घकाळासाठीही ठेवत असाल आणि आठ-पंधरा दिवसांसाठी घेऊन विकतही असाल, तर दोन वेगळी डिमॅट खाती ठेवा. एकाच खात्यात आधी घेतलेले शेअर आधी विकले असं धरतात. त्यामुळे कालचे विकले असं तुम्हाला वाटतं, पण कराच्या हिशेबात पाच वर्षांपूर्वीचे गेलेले असतात.