उडत्या विमानाला टिचकी

नव्या विमानाच्या पहिल्या उड्डाणाची बातमी ठरलेली असते: नारळ फुटला, विमान उडालं, उतरलं, चाचणी यशस्वी. खरी चाचणी त्यानंतर सुरू होते, आणि ती बघायला कॅमेरे नसतात. मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तशी वैमानिक शांत उडणाऱ्या विमानाला मुद्दाम टिचकी मारतो.

समजा, त्यानं एलेव्हेटर, म्हणजे शेपटीवरची वर-खाली वळणारी झडप, हलवला. नाक वर-खाली होऊ लागतं. ते फिरणं किती झपाट्यानं बदलेल, हे मुख्यतः तीन गोष्टी ठरवतात: वारा पंखावर किती कोनात येतोय, नाक किती वेगानं फिरतंय आणि एलेव्हेटर किती वळलाय. ही मोजमापं सेकंदाला कित्येकदा नोंदली जातात. शोधायचे असतात ते या तिघांचे 'भाव', म्हणजेच डेरिव्हेटिव्ह: एकेक गोष्ट जराशी बदलली, तर नाकाच्या फिरण्यावर किती परिणाम होतो. कोन एका अंशानं वाढल्यावर नाक आपोआप खाली ढकललं जात असेल, म्हणजे पहिला भाव उणे असेल, तर विमान स्थिर.

खरी मेख पुढे आहे. तुम्ही रोज दोन किलो कांदे आणि एक किलो बटाटे घेता, आणि भाजीवाला फक्त एकूण रक्कम सांगतो. महिनाभराची बिलं जमवलीत तरी कांद्याचा भाव कळायचा नाही. त्यासाठी प्रमाण बदलायला हवं. म्हणून जर्मनीतल्या संशोधकांनी '3-2-1-1' हा ठेका बसवला: वैमानिकाच्या हातातला नियंत्रणाचा दांडा तीन मात्रा एकीकडे, दोन मात्रा उलट, मग एक, पुन्हा उलट एक. या विषम ठेक्यात संथ आणि जलद दोन्ही हेलकावे येतात, आणि तिन्ही गोष्टींचं प्रमाण सतत बदलत राहतं. मोजमापांतही गोंगाट असतोच. म्हणून भाव अंदाजानं धरून गणितातलं विमान उडवायचं, आणि ते खऱ्या नोंदींशी जास्तीत जास्त जुळेपर्यंत भाव बदलत राहायचं.

तेजससारख्या मुद्दाम अस्थिर ठेवलेल्या विमानात पंचाईत वाढते. नाक जरा उचललं की संगणक लगेच ते दाबतो. कांदे घेतले की त्याच प्रमाणात बटाटे पिशवीत टाकणारा आगाऊ पोऱ्याच तो! मग विमान वळवणाऱ्या एकेका हलत्या झडपेला संगणकाकरवीच वेगळा झटका द्यावा लागतो. 'एआयला डेटा द्या, सगळं कळेल' म्हणणारे हल्ली फार भेटतात. ज्या डेटात फरकच नाही, तो एआयला दिला काय आणि ज्योतिषाला दिला काय!

एप्रिल 1981 मध्ये कोलंबिया हे स्पेस शटल पहिल्यांदा अवकाशातून परतलं. वातावरणात शिरल्यावर ते पहिल्यांदा कुशीवर वळलं आणि नाक अपेक्षेपेक्षा बरंच जास्त, सुमारे 4 अंश, बाजूला गेलं. नासाच्या ड्रायडन केंद्रातल्या केन इलिफ यांनी नोंदींतून भाव काढले. शेपटीकडची जेट, म्हणजे झोत सोडणारी छोटी इंजिनं, नाक डावी-उजवीकडे वळवण्यासाठी होती. त्यांच्या झोताचा कुशीवर वळण्याशी असलेला भाव विंड टनेलनं, म्हणजे जमिनीवर प्रतिकृतीवर वारा सोडून केलेल्या चाचण्यांनी, चुकीचा सांगितला होता. नोव्हेंबरमधल्या दुसऱ्या उड्डाणात परतताना कमांडर जो एंगल यांनी स्वतःच्या हातानं मुद्दाम हेलकावे दिले, तेही ध्वनीच्या कित्येक पट वेगात.