धान्य बँक (ठाणे जिल्हा)

सुगीनंतर पाड्याने सामायिक धान्य साठवायचे, पावसाळ्यात गरजू घरांना ते उसने द्यायचे आणि पुढच्या सुगीला थोड्या वाढीसह धान्यच परत घ्यायचे, या व्यवस्थेला धान्य बँक म्हणतात. ठाणे जिल्ह्यात तिचे काम मुख्यतः शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या पाड्यांवर आहे.

इथे भात, नाचणी आणि वरई दिवाळीच्या आगेमागे घरात येते. वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीच्या लहान तुकड्यातले धान्य वर्षभर पुरत नाही. आषाढापासून भाद्रपदापर्यंत धान्याची कणगी रिकामी, वीटभट्ट्या बंद आणि लावणी-बेणणीचे काम मात्र अंग मोडणारे, अशी गाठ पडते. मग रानभाज्या आणि कडूकंद. हा कंद चकत्या करून उकडतात आणि वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा कडूपणा काढतात, तेव्हा तो खाण्याजोगा होतो. पूर्वी या दिवसांत सावकाराचे दार गाठावे लागे. सवाईने घेतलेल्या मणाला सव्वा मण, दीडीने घेतलेल्याला दीड मण फेडायचे. शिवाय देताना पायली (धान्य मापायचे भांडे) सपाट आणि घेताना शिगेसह, म्हणजे वर रास करून, त्यामुळे खरा दर ठरल्यापेक्षा जास्तच पडे.

सरकारी पातळीवर केंद्राने ग्राम धान्य बँक योजना १९९६–९७ मध्ये आदिवासी भागांसाठी सुरू केली. २००४ मध्ये ती अन्न खात्याकडे गेली. एका बँकेत सुमारे ४० कुटुंबे आणि कुटुंबामागे एक क्विंटल धान्य असे तिचे माप होते. महाराष्ट्रात आदिवासी विकास महामंडळाची खावटी कर्ज योजनाही याच तंगीच्या दिवसांसाठी होती. बाहेरून एकदाच आलेले धान्य मात्र वसुलीची रीत बसली नसेल तर एकदोन पावसाळ्यांतच संपते.

समजा बँकेने एका घराला ५० किलो भात उसने दिले. ते गिरणीतून सुमारे ३२ किलो तांदूळ देते. पाच माणसांच्या घराला रोज दोन किलो तांदूळ धरला तर महिन्याला ६० किलो लागतो. अन्न सुरक्षा कायद्याने (२०१३) प्राधान्य गटातल्या रेशनकार्डाच्या कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो, म्हणजे या घराला २५ किलो मिळतात. तूट ३५ किलोंची. थोडक्यात, ५० किलो भाताच्या उसनवारीने जेमतेम एका महिन्याची तूट भरते, सगळा पावसाळा निघत नाही. म्हणून सगळे धान्य ज्येष्ठातच वाटून टाकणे चुकीचे. अर्धे आषाढात, अर्धे श्रावणात दिलेले बरे.

४० घरांना प्रत्येकी ५० किलो म्हणजे २० क्विंटल भात लागतो. परतफेड ५५ किलो ठेवली तर २२ क्विंटल जमतात. त्यातून उंदीर, कीड आणि सुकण्यातली घट जाते, एखाददुसरे घर फेडत नाही, आणि साठा वाढत नाही. ६० किलो ठेवल्यास २४ क्विंटल येतात, जरा वाव राहतो. घेणे-देणे पायलीने नव्हे, तराजूने आणि सगळ्यांसमोर व्हावे.

साठवणीत ओल हा पहिला शत्रू. भात १२-१३ टक्क्यांपर्यंत वाळलेले हवे. दाणा दाताखाली कट्कन तुटला पाहिजे, चेपला गेला तर आणखी दोन उन्हे द्यावीत. पोती जमिनीवर नव्हे, लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हात-दीड हात दूर रचावीत. कोकणच्या पावसाळ्यात दमट हवेत पोते उघडे ठेवले की बुरशी आणि सोंडे (धान्यातले किडे) दोन्ही येतात, म्हणून वाटपाच्या दिवशी लागतील तेवढीच पोती उघडावीत. नाचणीला कीड सहसा लागत नाही. आणीबाणीचा हिस्सा नाचणीतच ठेवणे शहाणपणाचे. विषारी धुरीच्या गोळ्या राहत्या घरात कधीच वापरू नयेत. बियाण्याची कणगी वेगळी असावी, नाहीतर भुकेच्या दिवसांत तेही रांधले जाते.

बँका बुडतात त्या बहुधा फेडीच्या वेळी. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर उचल (आगाऊ मजुरी) घेऊन भिवंडी, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ऐन वसुलीला पाडा अर्धा रिकामा असतो. त्यातल्या भूमिहीनांकडे भात नसतेच. अशा घरांची फेड भट्टीवर निघण्याआधी, कापणी-झोडणीच्या मजुरीत मिळालेल्या भातातून घ्यावी, किंवा ठरलेल्या भावाने रोख. त्यांना सभासदत्वच न देण्याची सोपी वाट काही ठिकाणी धरली जाते, पण सर्वाधिक गरज त्यांनाच असते.

कोठीला दोन कुलपे लावतात. किल्ल्या दोन वेगळ्या घरांत, त्यातली एक बहुधा बचत गटातल्या बाईकडे, आणि वही तिसऱ्याकडे. वसुलीनंतर वहीतली नावे आणि किलो पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवतात, म्हणजे लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही आपल्या नावापुढचा आकडा कळतो.