पक्की नोकरी, मोकळीक आणि कुलाब्यातलं घर

पीएच.डी. झालेल्या मुलामुलींना प्राध्यापकीची ओढ नेमकी कशामुळे वाटते? पगार हे एक कारण, पण मुंबईचा इतिहास पाहिला तर ते पहिलं कारण वाटत नाही.

मार्च १९४४ मध्ये होमी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टकडे मूलभूत संशोधनासाठी संस्था मागितली. योग्य कदर आणि साधनं मिळाली तर चांगली माणसं देशातच राहतील, अशी त्यांची धारणा होती. १९४५ मध्ये टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था, सुरू झाली. पेडर रोडच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यातून ती पुढे कुलाब्याच्या टोकाला समुद्राकाठी गेली.

सुरुवातीच्या मंडळींत गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी होते. पुण्याहून डेक्कन क्वीननं ये-जा करत त्यांनी गणिताबरोबर जुनी नाणी आणि प्राचीन इतिहासही अभ्यासला. एवढी मोकळीक आजही दुर्मीळ आहे. मात्र त्यांची नेमणूक कराराची होती आणि १९६२ मध्ये करार वाढवला गेला नाही.

१९७२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर केंब्रिज सोडून इथे आले. त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, मला मात्र त्यांच्या पत्नी, गणितज्ञ मंगला नारळीकरांचं उदाहरण जास्त बोलकं वाटतं. मुली लहान असताना, संस्थेच्या वसाहतीत राहून, तिथेच त्यांचं गणित पुन्हा सुरू झालं आणि १९८१ मध्ये त्यांना मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. घर आणि काम जवळ असणं किती मोलाचं, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. नवरा-बायको दोघांनाही एकाच शहरात काम मिळणं हा तर जगभरच्या तरुण संशोधकांचा प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न नोकरी कायम कधी होणार, हा. अमेरिकेत प्राध्यापक आणि महाविद्यालयांच्या संघटनांच्या १९४० च्या निवेदनानं परिविक्षेची, म्हणजे कायम होण्याआधीच्या काळाची, कमाल मर्यादा सात वर्षं धरली. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यानं नव्या नेमणुकांना नोकरीचं जुनं कायम संरक्षण मिळणं बंद झालं. जर्मनीत २००७ च्या कायद्यानुसार पीएच.डी.आधी सहा आणि नंतर सहा वर्षं मुदतीच्या करारावर काढता येतात. त्याविरुद्ध २०२१ मध्ये तरुण संशोधकांनी मोठा आवाज उठवला. फ्रान्समध्ये सीएनआरएस या सरकारी संशोधन संस्थेची कायम जागा तुलनेनं लवकर मिळू शकते, पगार बेताचा असला तरी तिच्यासाठी चुरस असते.

आपल्याकडे आयआयटी, टीआयएफआरसारख्या संस्थांत निवड झाली की क्वार्टर्सची आशा असते. अनुदानित महाविद्यालयांत चित्र वेगळं. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्याच स्टाफरूममध्ये तासिका तत्त्वावर शिकवणारे नेट-सेट झालेले, पीएच.डी.धारकही बसतात. त्यांना घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात, मे महिन्याच्या सुट्टीचे नाहीत. वर्ग तोच, विद्यार्थी तेच, आणि जूनमध्ये पुन्हा नेमणूक होईल की नाही याची खात्री नाही. हे मला अन्यायाचं वाटतं. परदेशातल्या पोस्टडॉकला (पीएच.डी.नंतर मुदतीच्या जागेवर संशोधन करणाऱ्याला) परत बोलवायचं तर आधी इथे असलेल्यांना बारा महिन्यांचा पगार द्यायला हवा.