माशीला उंच चढवणारी बुरशी

काही घरमाश्या खिडकीच्या काचेवर, उंचावर, उभ्या अवस्थेतच मेलेल्या दिसतात. सोंड काचेला चिकटलेली, पंख वर उचललेले, फुगलेल्या पोटावर पांढरे पट्टे आणि भोवती पीठ सांडल्यासारखं पांढरट वर्तुळ. ते वर्तुळ म्हणजे बीजाणू, बुरशीच्या जणू सूक्ष्म बियाच. हे काम 'एन्टोमोफ्थोरा मस्की' या बुरशीचं. जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांनी १८५५ साली तिचं वर्णन केलं होतं.

अंगावर पडलेला बीजाणू माशीचं कवच भेदून आत शिरतो. पुढचे काही दिवस बुरशी आतून माशीला खात वाढते आणि माशी मात्र हिंडत-फिरत असते. मग एके दिवशी सूर्य मावळायच्या सुमारास ती मिळेल तिथे उंच चढते, सोंड बाहेर काढते आणि सोंडेतल्या चिकट थेंबाने तिथेच चिकटून बसते. पंख उचलले जातात, त्यामुळे पोटाची वरची बाजू मोकळी होते. आता तिथून फुटून बाहेर येणाऱ्या बीजाणूंना आडकाठी उरत नाही. वेळही बुरशीच्या सोयीची: रात्रीच्या गार, दमट हवेत नाजूक बीजाणू चटकन सुकत नाहीत.

हे सगळं बुरशी घडवते तरी कसं? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, हीच बुरशी लागलेल्या फळमाशीवरच्या संशोधनात याचा चांगलाच माग लागला. मरणाच्या सुमारे अडीच तास आधी माशीची धावपळ अचानक वाढते. अशा माशीचं रक्त काढून निरोगी माशीला टोचलं, तर तीही जास्त धावू लागली! म्हणजे इशारा रक्तातून जातो. त्यात माशीच्या मेंदूतल्या, दिवस-रात्रीचं भान ठेवणाऱ्या चेतापेशी आणि तिचंच एक संप्रेरक यांचा हात असल्याचं दिसलं. मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच, की बुरशी नवं काही शिकवत नाही. माशीत आधीपासून असलेली यंत्रणाच ती नको त्या वेळी चालू करते.

मुंग्यांमधल्या 'ओफिओकॉर्डिसेप्स' बुरशीची तऱ्हा वेगळी. ती लागलेली मुंगी पानाच्या शिरेला जबड्याने घट्ट चावा घेऊन मरते आणि तिच्या डोक्यामागून बुरशीचा देठ उगवतो. मुंगीचे सूक्ष्म छेद तपासल्यावर दिसलं, की बुरशीच्या पेशी स्नायूंभोवती जाळं विणतात, मेंदूत मात्र शिरत नाहीत. चाव्याच्या अशाच खुणा जर्मनीत मेसेल इथे सापडलेल्या सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीच्या पानाच्या जीवाश्मावरही आहेत.