ग्रीनकार्ड आणि ‘तुरुंगात कुठे गेलो?’

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत एक समज घट्ट रुजलाय: ग्रीनकार्ड आहे, किरकोळ गुन्हा आहे, तुरुंगवास झाला नाही, मग हद्दपारी कशाला होईल? होऊ शकते. १९९६च्या दुरुस्तीपासून तिथला इमिग्रेशन कायदा स्थगित शिक्षाही पूर्ण शिक्षाच धरतो. दुकानातून वस्तू उचलली, गुन्हा कबूल केला, न्यायाधीशांनी एक वर्षाची शिक्षा सुनावून लगेच स्थगित केली. माणूस संध्याकाळी घरी जेवायला हजर. तरी कागदोपत्री तो सर्वात गंभीर वर्गातला गुन्हेगार, आणि हद्दपारी जवळजवळ अटळ.

वकिलाला तरी हे ठाऊक असतं का? होसे पादिया चाळीसहून अधिक वर्षं अमेरिकेत कायदेशीर रहिवासी, व्हिएतनाम युद्धात लढलेले. केंटकीत ट्रकमधून गांजा नेताना पकडले गेले. ‘इतकी वर्षं राहताय, काळजी नको,’ अशा अर्थाचं वकिलाने सांगितलं, त्यांनी गुन्हा कबूल केला आणि हद्दपारीचं संकट गळ्यात पडलं. २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, हा धोका वकिलाने अशिलाला सांगायलाच हवा. हद्दपारी मात्र कायद्याच्या लेखी आजही फौजदारी शिक्षा नाही (घरदार सुटलं तरी!), त्यामुळे इमिग्रेशन कोर्टात, फौजदारी खटल्यात असतो तसा, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्कही नाही.