एका देशात दोन इंधने: वाहनांच्या धुराचे निकष आणि शहरांच्या हद्दी

भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या वाहनाला आज बीएस-६ (भारत स्टेज, म्हणजे वाहनाच्या धुरावरच्या सरकारी मर्यादेचा सहावा टप्पा) हा एकच निकष लागू आहे आणि गडचिरोलीच्या पंपावरचे डिझेल मुंबईतल्या डिझेलइतकेच स्वच्छ असणे अपेक्षित आहे. ही व्यवस्था १ एप्रिल २०२० ची. त्याआधीची जवळजवळ पंचवीस वर्षे, मधले थोडे टप्पे सोडले तर, धुराच्या बाबतीत देशाचे दोन भाग होते, निवडक मोठी शहरे आणि उरलेला देश. हवा सुधारण्याचे प्रयत्न अनेकदा अपुरे का पडले, याचे एक मोठे कारण या विभागणीत सापडते.

हवा प्रदूषण प्रतिबंधक कायदा १९८१ मध्ये झाला, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये आले आणि नव्या वाहनांसाठी धुराच्या मर्यादा १९९१-९२ पासून लागू झाल्या. त्या फारच सैल होत्या. खरा बदल एप्रिल १९९५ मध्ये झाला. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा करण्यात आला आणि त्यासाठी तिथे शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध करून देण्यात आले. या यंत्रणेत प्लॅटिनमसारख्या धातूंच्या पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेल्या हायड्रोकार्बनचे कमी घातक वायूंत रूपांतर होते. पेट्रोलमधले शिसे त्या पृष्ठभागावर बसले की तो निकामी होतो. मुंबईची मोटार मुंबईतच फिरली असती तर प्रश्न नव्हता. पण हीच मोटार कोकणात किंवा घाटावर गेली आणि तिने वाटेतल्या पंपावर साधे पेट्रोल भरले, की महागडी यंत्रणा केवळ शोभेपुरती उरण्याचा धोका असे. शिसेयुक्त पेट्रोल देशभरातून हद्दपार व्हायला फेब्रुवारी २००० उजाडले.

दरम्यान सूत्रे न्यायालयांकडे गेली होती. पर्यावरणविषयक खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या १९८५ च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये दिल्लीतील सर्व बस सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला आणि एप्रिल १९९९ मध्ये राजधानी क्षेत्रातील खासगी मोटारींसाठी युरो-१ व युरो-२ या युरोपीय धर्तीच्या धूर-निकषांच्या तारखा ठरवून दिल्या. मुंबईत १९९९ मध्येच रहिवाशांच्या एका मंचाची याचिका उच्च न्यायालयासमोर आली, परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पुढच्या काही वर्षांत शहरातल्या जुन्या डिझेल टॅक्सी सीएनजीकडे वळल्या. सरकार हलत नव्हते तेव्हा न्यायालयांनी ते हलवले, हे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. मात्र याचिका शहराच्या हवेबद्दल असल्यामुळे आदेशही बहुतांशी शहराच्या वेशीपाशी थांबत.

सप्टेंबर २००१ मध्ये केंद्राने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली वाहन इंधन धोरणासाठी समिती नेमली. माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे) महासंचालक होते. सरकारने धुराची मर्यादा ठरवावी, ती कोणत्या इंधनाने गाठायची हे उत्पादकांवर सोडावे, अशी समितीची भूमिका होती. एप्रिल २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली आणि समितीत एकही डॉक्टर वा सार्वजनिक आरोग्याचा जाणकार नाही, यावर नेमके बोट ठेवले. तरीही समितीने आखलेले वेळापत्रक टिकले. २००५ पासून पुण्यासह अकरा शहरांत युरो-३ च्या तोडीचा निकष (बीएस-३) आणि इतरत्र त्याच्या एक पायरी खालचा, असे ते होते. यामागे आर्थिक कारण होते, कारण डिझेलमधले गंधक काढण्यासाठी शुद्धीकरण कारखान्यांना मोठा खर्च करावा लागतो. परंतु तात्पुरती म्हणून आलेली तफावत त्यामुळे धोरणाचाच भाग होऊन बसली.

२०१० मध्ये या तफावतीचे परिणाम स्पष्ट दिसू लागले. मुंबई, पुणे आणि सोलापूर धरून तेरा शहरांत बीएस-४ आले, बाकी देशात बीएस-३. शहरातल्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दर दहा लाख भागांत ५०, तर बाहेर ३५०. लांब पल्ल्याच्या मालमोटारींना वाटेत शहरी डिझेल मिळण्याची खात्री नसल्याने त्या बीएस-३ वरच राहिल्या. म्हणजे धुरातले सर्वाधिक कण सोडणारे वाहनच सर्वांत सैल निकषाखाली राहिले. नवी छोटी मोटार स्वच्छ आणि तिच्या पुढे चाललेला ट्रक काळा धूर ओकणारा, हे दृश्य पुणे-सोलापूर रस्त्यावर कोणालाही दिसत असे. दिल्लीत शिरणाऱ्या व्यापारी वाहनांवर ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण भरपाई शुल्क बसवले, ते याच विसंगतीवरचे ठिगळ होते.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने बीएस-५ हा टप्पा वगळून २०२० मध्ये थेट बीएस-६ आणण्याची घोषणा केली. एप्रिल २०१७ मध्ये बीएस-४ देशभर लागू झाले, तेव्हा उत्पादक आणि विक्रेत्यांकडे बीएस-३ ची आठ लाखांहून अधिक वाहने पडून होती; ती विकण्यास सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवस आधी मनाई केली. बीएस-६ मध्ये गंधक १० वर आले आणि त्यामुळे डिझेल वाहनांना कण अडवणारी गाळणी बसवणे व्यवहार्य झाले.

इंधनातली फाळणी अशी संपली, तरी जुनी वाहने रस्त्यावर आहेतच आणि त्यांच्याबाबत नियम पुन्हा प्रदेशानुसार ठरू लागले आहेत. दिल्ली व लगतच्या राज्यांसाठी २०२१ च्या कायद्याने स्वतंत्र हवा गुणवत्ता आयोग स्थापन झाला. मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर राज्य सरकारने समिती नेमली आणि महानगर प्रदेशात पेट्रोल व डिझेलची वाहने टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे तपासण्याचे काम तिच्याकडे दिले. न्हावा-शेवा बंदर या प्रदेशातच येते. तिथून माल उचलणारे कंटेनर ट्रक मात्र अनेक राज्यांत नोंदलेले असतात, आणि त्यांच्याबद्दलचा निर्णय महाराष्ट्राला एकट्याने घेता येणे कठीण आहे.