कॉर्नर क्रॉसिंग

कॉर्नर क्रॉसिंग : दोन सरकारी आणि दोन खासगी भूखंड जिथे एकाच बिंदूत मिळतात, तिथे एका सरकारी भूखंडाच्या कोपऱ्यावरून तिरके पाऊल टाकून समोरच्या सरकारी भूखंडात जाणे. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत, विशेषतः वायोमिंग व मोंटॅनात, एल्क, म्यूल डिअर, प्राँगहॉर्न अशा प्राण्यांच्या शिकारीसाठी सरकारी जमिनीत शिरताना हा मार्ग वापरतात. पाय खासगी मातीला लागत नाही, पण चालणाऱ्याचे खांदे, पाठीवरचे सामान आणि बंदूक क्षणभर खासगी जमिनीवरच्या हवेतून जातात. तेवढ्याने अनधिकार प्रवेश घडतो का, एवढाच वादाचा मुद्दा. ऑनएक्स या नकाशे पुरवणाऱ्या कंपनीच्या २०२२ सालच्या गणनेप्रमाणे पश्चिमेतील ११ राज्यांत सुमारे ८३ लाख एकर सार्वजनिक जमीन अशा कोपऱ्यांमागे अडकलेली आहे. हे क्षेत्र गोव्याच्या साधारण नऊपट भरते.

भूखंडांची ही मांडणी बुद्धिबळाच्या पटासारखी आहे. १७८५ च्या भूमी अध्यादेशाने सरकारी जमिनीची चौकोनी मोजणी ठरवून दिली : सहा मैल लांब-रुंद टाउनशिप आणि तिचे पुढे एक चौरस मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे, ३६ सेक्शन. पॅसिफिक रेल्वेच्या १८६२ व १८६४ च्या कायद्यांनी लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंचे विषम क्रमांकाचे सेक्शन रेल्वे कंपन्यांना दिले आणि सम क्रमांकाचे सरकारकडे ठेवले. पहिल्या कायद्यात हा पट्टा मार्गाच्या प्रत्येक बाजूस दहा मैलांचा होता, दुसऱ्याने तो वीस मैलांचा केला. दक्षिण वायोमिंगमधला पट युनियन पॅसिफिकच्या या देणगीतून तयार झाला.

एकाआड एक देण्याची कल्पना मुळात कोणाची, याविषयी एकमत नाही. लोकप्रिय लेखनात तिचे श्रेय १८५० च्या इलिनॉय सेंट्रल रेल्वेच्या देणगीला आणि त्यासाठी खटपट करणारे सिनेटर स्टीफन डग्लस यांना दिलेले आढळते. रेल्वेपुरते ते बरोबर आहे. मात्र १८२७ मध्येच काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) इलिनॉय-मिशिगन कालव्यासाठी जमीन देताना कालव्याच्या दोन्ही अंगांचे एकाआड एक सेक्शन स्वतःकडे राखले होते, त्यामुळे उगम कालव्यांच्या देणग्यांत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. १७८५ च्या अध्यादेशातही एक टाउनशिप अखंड आणि शेजारची तुकड्यांनी विकण्याची तरतूद होती. काहींना त्यात या पद्धतीचे बीज दिसते. परंतु ती विक्रीची रीत होती, देणगीची नव्हे, आणि दोन्हींचा थेट संबंध जोडणे जरा ओढूनताणून होते. हेतूविषयी मतभेद नाही. कालवा किंवा रेल्वे आली की शेजारच्या जमिनीचा भाव चढेल, राखलेले सेक्शन एकरी १.२५ डॉलरऐवजी २.५० डॉलरला विकले जातील आणि दिलेल्या जमिनीची भरपाई आपोआप होईल, असे ते गणित होते. इलिनॉयच्या काळ्या मातीत ते जमले. वायोमिंगच्या कोरड्या माळावर १६० एकरांच्या होमस्टेडवर (वसाहतदाराला सरकारकडून मिळणाऱ्या भूखंडावर) कुटुंब तगत नव्हते, गुरे चारायला हजारो एकर लागत, म्हणून सम क्रमांकाचे सेक्शन विकलेच गेले नाहीत. आज त्यांपैकी बहुतेकांची व्यवस्था १९४६ साली स्थापन झालेल्या ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या संघीय खात्याकडे आहे. शिकारीवरून पेटलेले हे भांडण मुळात मोजणी व विक्रीच्या फसलेल्या हिशेबातून आले आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे खटले नीट समजत नाहीत.

हवेवरची मालकी. ज्याची जमीन त्याचेच वरचे आकाश आणि खालचे पाताळ, या अर्थाच्या लॅटिन सूत्रावर जमीनमालकांची भिस्त असते. ते रोमन कायद्यातले असल्याचे पुष्कळदा सांगितले जाते. वास्तविक ते तेराव्या शतकातील बोलोन्याचा भाष्यकार अॅकर्सियस याच्या टीपांशी निगडित असल्याचे सामान्यतः मानतात. त्याचा मुलगा पहिल्या एडवर्डच्या सेवेत इंग्लंडला आला होता, त्याच्यामार्फत सूत्र तिकडे पोचले असावे असाही एक तर्क आहे. इंग्रजी निवाड्यांत ते १५८७ च्या सुमारास दिसते. कोक आणि पुढे ब्लॅकस्टोन या इंग्रज विधिज्ञांच्या ग्रंथांमुळे ते अमेरिकेत रुजले. विमाने आल्यावर त्याची धार बोथट झाली. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने कॉझबी खटल्यात (१९४६) आधुनिक जगात या सिद्धांताला स्थान नाही असे म्हटले, मात्र जमिनीलगतच्या हवेवर मालकाचा ताबा राहतो हेही मान्य केले. कोपरा ओलांडणाऱ्याचा खांदा नेमका याच थरातून जातो.

कुंपणांचा कायदा. १८७४ मध्ये ग्लिडनच्या काटेरी तारेला पेटंट मिळाले आणि दहा वर्षांच्या आत बड्या पशुपालकांनी सरकारी माळरानेही वेढून टाकली. त्याला आळा घालण्यासाठी १८८५ चा बेकायदा कुंपणबंदी कायदा झाला. कॅमफिल्ड खटल्यात (१८९७) कोलोरॅडोतील पशुपालकांनी कुंपणाचे सर्व खांब स्वतःच्याच विषम सेक्शनवर, सरकारी हद्दीला खेटून रोवले होते. तरीही आत सुमारे २०,००० एकर सरकारी जमीन कोंडली गेली होती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ते पाडण्याचा आदेश उचलून धरला. मॅके खटल्यात (१९१४) वायोमिंगमधल्या मेंढपाळाला एका सरकारी सेक्शनमधून दुसऱ्यात कळप नेण्याची मुभा मिळाली. १९८८ मध्ये रेड रिम येथील २८ मैलांच्या कुंपणाने प्राँगहॉर्नांची हिवाळी चराऊ जागा तोडली होती, तेही याच कायद्याखाली हटवावे लागले.

याच्या उलट बाजूला लिओ शीप कंपनीचा १९७९ चा निकाल येतो. सेमिनो जलाशयाकडे जाण्यासाठी सरकारने खासगी सेक्शनमधून रस्ता काढला होता. रेल्वेला जमीन देताना सरकारने वहिवाटीचा हक्क गृहीतपणे राखून ठेवला होता, हे म्हणणे न्यायालयाने फेटाळले. जमीनमालक पुढची चार दशके या निकालाचा हवाला देत राहिले. तो रस्त्यापुरता होता, पायी ओलांडण्याचा प्रश्न त्यात आलाच नव्हता, हे अलीकडच्या न्यायालयांचे वाचन अधिक ग्राह्य आहे.

एल्क मौंटन प्रकरण. वायोमिंगच्या कार्बन काउंटीत एल्क मौंटनभोवती सुमारे २२,००० एकरांचे एक खासगी रँच (पशुपालनाची विस्तीर्ण जमीन) आहे आणि त्याच्या चौकटींत सरकारी सेक्शन गुंतलेले आहेत. मिसूरीहून आलेले तीन शिकारी २०२० मध्ये तिथे पोचले. मोजणीची पितळी खूण असलेल्या कोपऱ्यावर रँचने दोन लोखंडी खांब रोवून त्यांच्यामध्ये साखळी ताणली होती, तिला कुलूप घातले होते आणि प्रवेशबंदीच्या पाट्या लावल्या होत्या. शिकाऱ्यांनी खांब धरला आणि त्याच्याभोवती झोका घेऊन पलीकडे पाय टाकला. पुढच्या वर्षी चौघे आले, तेव्हा त्यांनी खास बनवलेली लोखंडी घडीची शिडी आणली होती. तिचे दोन पाय एका सरकारी सेक्शनवर आणि दोन समोरच्यावर टेकवून ते खांबाला किंवा साखळीला हातही न लावता पार झाले. एवढ्या काटेकोर काळजीनंतरही त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. एप्रिल २०२२ मध्ये रॉलिन्स येथील ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले. मालक कंपनी आयर्न बार होल्डिंग्जने दिवाणी दावाही लावला होता. रँचचे मूल्य घटल्याचे सांगून ७० लाख डॉलरहून अधिक नुकसान झाल्याचे त्यात म्हटले होते. मे २०२३ मध्ये संघीय जिल्हा न्यायालयाने आणि १८ मार्च २०२५ रोजी दहाव्या सर्किट (अनेक राज्यांचा न्यायिक विभाग) अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला.

अपील न्यायालयाची मांडणी बारकाईने पाहण्याजोगी आहे. वायोमिंगच्या कायद्याप्रमाणे हवेतून जाणे हासुद्धा अनधिकार प्रवेशच ठरेल, हे त्याने मालकाच्या बाजूने मान्य केले. परंतु त्या आधारे लोकांना सरकारी जमिनीपासून अडवणे म्हणजे १८८५ च्या कायद्याने निषिद्ध केलेले कुंपणच होय, आणि संघीय कायद्यापुढे राज्याचा कायदा टिकत नाही, असे ठरवले. गुराख्यांच्या भांडणासाठी केलेला कायदा १४० वर्षांनी सामान्य शिकाऱ्याच्या उपयोगी पडला, याचे मोल मोठे आहे. आपल्याच मालकीच्या जमिनीवर जाण्यासाठी नागरिकाला शेजाऱ्याची मर्जी राखावी लागू नये, हे तत्त्व त्यातून पक्के झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकाचा अर्ज ऐकण्यास नकार दिला.

निकालाची हद्द मात्र आखीव आहे. तो वायोमिंग, कोलोरॅडो, यूटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस व ओक्लाहोमा या सहा राज्यांत बंधनकारक आहे. मोंटॅना नवव्या सर्किटमध्ये मोडते आणि कोपरा ओलांडणे बेकायदाच राहते, असे तिथल्या वन्यजीव खात्याचे म्हणणे आहे. तिथल्या विधिमंडळात २०१३ मध्ये ते वैध करणारे विधेयक नामंजूर झाले होते. निकाल पायी जाण्यापुरता आहे, खासगी रस्ते त्याने खुले होत नाहीत. शिकारीचा परवानाही वेगळा लागतो. वन्य प्राणी जमीनमालकाचे नसून राज्याने जनतेसाठी सांभाळलेले असतात, पण परवाना मिळाला म्हणून कोणाच्या जमिनीतून जाण्याचा हक्क मिळत नाही.

स्कॉटलंडच्या २००३ च्या भूमी सुधारणा कायद्याने बहुतेक जमिनीवर फिरण्याचा हक्क दिला, तरी शिकार त्यातून वगळली आहे. महाराष्ट्रात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीसाठी वाट मागण्याचा प्रश्न उरत नाही. तथापि जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदार दुसऱ्याच्या सर्व्हे नंबरच्या बांधावरून शेतात जाण्याची वाट मंजूर करू शकतो. गरज पाहून हद्दीवरून वाट देणारी अशी सोय वायोमिंगच्या पटाला कधीच लाभली नाही.

ज्या सरकारी तुकड्यांचा दुसऱ्या सरकारी तुकड्याशी कोपराही जुळत नाही, त्यांना या निकालाचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी जमिनींची अदलाबदल किंवा वाटेचा हक्क विकत घेणे हेच उपाय आहेत. अमेरिकेच्या भूमी व जलसंवर्धन निधीतून दरवर्षी किमान दीड कोटी डॉलर अशा प्रवेशवाटांसाठी वापरण्याची तरतूद २०१९ मध्ये झाली. सरकारी कार्यालयांत कागदावर पडून असलेल्या वहिवाटीच्या नोंदी डिजिटल नकाशांवर आणण्याचा कायदा २०२२ मध्ये संमत झाला.